माझ्या दोन आयांची फिल्म

मी मूळचा सणसरचा. आमचं घर उसाच्या मधी, आणि त्या घरात मला दोन आया. थोरलीला मी माई म्हणतो, धाकटीला आई. जन्म आईनं दिला, पण निजलो माईजवळ, शाळेत घातलं माईनं, ताप आला की उशाला माई. मूल न्हाय म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दुसरं लग्न केलं, आणि गावात एकच बोललं जायचं, थोरलीचं काळीज मोठं, तिनं स्वतः सवत पसंत करून आणली. मला बी ते खरं वाटायचं, अभिमान बी वाटायचा, खोटं कशाला सांगू.

पुढं बारामतीत लग्नाच्या शूटिंगवर निम्मी हयात काढली. काय सांगू तुमाला, आमच्याकडच्या लग्नाच्या कॅसेटात माणसाचा आवाज कधीच नसतो. नवरीची आई हंबरडा फोडती आणि वर पिच्चरचं गाणं. सगळा आवाज पुसायचा आणि गाणी घालायची, हे माझंच काम. म्हणून बायका कॅमेऱ्यापुढं काय बी बोलायच्या, मानपानावरनं भांडायच्या, विहिणीला शिव्या घालायच्या, त्यांना ठाऊक होतं की यात नुसती तोंडं हलत्यात.

मग मला आपलं काहीतरी करावंसं वाटायला लागलं, लहान लहान फिल्मा केल्या, त्या कुणीतरी बघितल्या आणि पुण्याच्या एका संग्रहालयानं बोलावलं, हितं राहा, आमच्याकडं देवाची जुनी चित्रं हायेत, त्यांच्यावर नवं काम करा. तितं खंडोबाचं एक चित्र होतं. मधी देव, एका अंगाला थोरली म्हाळसा, एका अंगाला धाकटी, धनगराची बाणाई, दोघी समोर बघत्यात, एकमेकींकडं न्हाय. जागरणात मुरळी ह्या दोघींचं भांडण गाती आणि माणसं पोट धरून हसत्यात, पण आमच्याकडं जागरण असलं की माई आणि आई चुलीपुढनं उठायच्या न्हाईत. त्या चित्रापुढं बसलो आणि मला आमची ओसरीच दिसली.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. गावी जाऊन ओसरीवर मधी त्यांची खुर्ची ठेवली, वर त्यांचा फेटा, दोन बाजूंना दोघी. माई म्हणली, ह्या वयात मला म्हाळसा करतोस व्हय रं, आधी दात तरी बसवून द्यायचेस. आई म्हणली, आन माजी मेंढरं कुठायत? मी म्हणलं, नुसतं समोर बघा, हलू नका. कॅमेरा चालू ठेवून मी घरामागं गेलो, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं न्हाय.

पुण्याला येऊन ऐकलं. माई म्हणत होती, लोक म्हणत्यात म्यां तुला पसंत केली. अगं, मला कुणी इचारलं बी न्हाय. दारात वाजंत्री आली, सासूनं हातात तांब्या दिला, हिच्या पायावर पाणी घाल म्हणली, तवा कळालं. आई म्हणली, आक्का, मला तर सांगितलं हुतं थोरली वारली. तुमाला दारात बघितलं आन मी उंबऱ्याभाईरच थांबले. माई म्हणली, मग भूत समजून पळून तरी जायचंस की गं. आणि दोघी हसल्या. समोर बघत, मान न वळवता, ओठ दाबून हसल्या. कामापुरतं बोलणाऱ्या बाया ह्या, मीठ दे, गाय सोड, एवढंच. त्यांना एकत्र हसताना मी जन्मात बघितलं नव्हतं.

तो आवाज मी ठेवला. विचारलं न्हाय, कारण विचारलं असतं तर नको म्हणल्या असत्या.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गावाकडनं जीप भरून आली. माईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. भिंतीएवढा पडदा, अख्ख्या खोलीत त्या दोघींचा आवाज. शहरातल्या माणसांत कुणी कुणी डोळे पुसले. तात्या, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, उठला आणि म्हणला, मेलेल्या माणसाची अब्रू काढलीस, आणि निघून गेला. माई पडद्याकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणली, गाणी घालायची राहिली का रं? मी म्हणलं, न्हाय माई, आवाज मुद्दाम ठेवलाय. बरं, म्हणली, आणि पदर पुढं ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी आवाज बंद करायला लावला. पण तोवर कुणीतरी फोनमधी घेतलं होतं, गावभर झालं. नळावर बायका विचारायला लागल्या, व्हय वो माई, तुमाला ठावंच नव्हतं का? ते मोठं काळीज खोटं का असंना, त्याच्यावर माईनं आयुष्य काढलं होतं, चारचौघीत ताठ बसली होती. तेवढं एकच तिचं होतं आणि ते मी घेतलं. माझी वाहवा झाली, पेपरात फोटो आला. तो मी घरी दाखवला न्हाय.

माई रागावली न्हाय. रागावली असती तर पाय धरले असते. वाढती, दूध गरम करून देती, पण माझ्याशी आता कामापुरतं बोलती, मीठ हवं का, कवा निघणार. त्या दोघी मात्र बोलत्यात. दुपारची भांडी झाली की ओसरीवर बसत्यात, मला फाटकापासनं ऐकू येतं, आणि माझी चाहूल लागली की बंद. म्हणून फाटकातच खोकायची सवय लावून घेतली, त्यांना वेळ मिळावा म्हणून. परवा गेलो तर दोघी हसत होत्या. खोकलो तर थांबणार, न खोकता उभा राहिलो तर ती चोरी. तसाच मागं फिरलो आणि बांधावर जाऊन बसलो. दोघींना देवानं एकमेकीच्या सोबतीनं लांब आयुष्य द्यावं. मला काय, मी बसतो, त्यांचं बोलून होईस्तवर.