छप्पन्न पाने आणि एक नट

गाडीची किरकोळ कामं घरीच करायची, असं मी एकदा मनावर घेतलं होतं. छप्पन्न पान्यांची मोठी पेटी आणली. बायको म्हणाली, "एवढे पाने कशाला?" मी म्हणालो, "तुला नाय कळायचं त्यातलं."

पुढच्याच रविवारी बायकोला घेऊन पैठणला सासुरवाडीला निघालो आणि वाटेत चाक पंक्चर झालं. मला तर आनंदच झाला! ऐटीत पेटी उघडून चाकाच्या नटाला पाना लावला. नट हलेना. दुसरा पाना लावला, सगळा जोर लावला, शर्ट भिजून गेला. तिकडून सासऱ्यांचे फोनवर फोन, "ताटं वाढलीत, कुठंय तुम्ही?"

मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा केव्हाचा बघत उभा होता. "पाव्हणं, सरका जरा," म्हणाला. मी लावलेल्याच पान्यावर त्यानं पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कर्र झालं, नट सुटला. बाकीचे तीनही त्यानं तसेच सोडवले.

मी विचारलं, "बाबा, गॅरेजात होता काय कधी?"

पेटीकडं बघत तो म्हणाला, "नाय बा. आपल्याकडं कुठली एवढी हत्यारं? म्हणून डोकं वापरावं लागतं."

बायको सासुरवाडी येईपर्यंत हसत होती.