जोराचा तुकडा

तुम्ही हसता, पण एका इंग्रजी शब्दानं माही पक्की नोकरी घालवली. म्हणजे हिंगणीच्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी घालवली म्हणा. त्याईचा नियमच होता, लांब शब्दाचे तुकडे पाडाचे आन् ज्या तुकड्यावर जोर, तिथं बाकावर मूठ हाणाची. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत बाक हाणून हाताले सवयच लागली.

मॅट्रिक होऊन पुलगावले दारूगोळ्याच्या डेपोत इंटरव्ह्यूले गेलतो. साहेबानं विचारलं, "यहाँ क्या रखते हैं, मालूम है?"

मी ताठ बसून म्हणलं, "ॲम्-यु-नि-शन!" आन् 'नि'वर साहेबाच्या टेबलावर मूठ हाणली. कप उडाला, सगळा चहा माह्याच अर्जावर.

साहेब अर्ज झटकत म्हणे, "उच्चारण एकदम सही है. लेकिन ॲम्युनिशन बोलते ही जो हाथ पटकता है, उसे ॲम्युनिशन के पास कैसे छोडूँ?"

तणतणत थेट सरांच्या दारात गेलो आन् सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आन् इतकंच विचारलं, "मूठ कोणत्या तुकड्यावर हाणली?"

"'नि'वर, सर."

"मंग रडून काऊन राह्यला? बरोबर हाणली ना!"