सिरिलला एक मत

नाही नाही, दार ढकलू नका, उपयोग नाही – उघडं आहे ते, पण तुम्हाला आत घेणार नाहीत. पोहायला आलात ना? बगलेतल्या टॉवेलवरून कळलंच मला. आज पोहणं बंद. आज आत मतमोजणी चाललीय – तलावात नव्हे हो, शेजारच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये – पण मोजणी असली की सगळी इमारतच बंद ठेवायची असा ठराव आहे. मूर्खपणा आहे, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. मीच मांडला होता तो. मागं एकदा शेजारच्या गावाच्या मोजणीत एक गृहस्थ अंगावरून पाणी निथळत थेट मोजणीच्या टेबलापर्यंत आले, चष्मा नव्हता त्यांना, कपडे बदलायची खोली शोधत होते – दोन मतपत्रिका वाळत घालाव्या लागल्या. बसा. बहिणीकडे आलाय म्हणता, म्हणजे तुमची परतीची बस पावणेबाराची, वेळ आहे. मलाही जरा मोकळी हवा हवीय. आत सिरिल बसलाय ना. कान लालबुंद करून बसलाय, आणि दर पाच मिनिटांनी मला काकडीचं सँडविच पुढं करतोय. घरून माझ्यासाठी करून आणलेत त्यानं. कडा कापून. मी काय करणार सांगा बरं अशा माणसाचं?

अहो, सिरिल म्हणजे सिरिल हॅडफील्ड – माझ्याविरुद्ध उभा आहे तो. मी बर्निस पेनफोल्ड, नेदर स्टॉबरीची काउन्सिलर. वीस वर्षं. आता आहे की नाही ते आत कुणालाच सांगता येत नाहीये. दोनशे सत्त्याऐंशी मला, दोनशे सत्त्याऐंशी त्याला. तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तर मोजणाऱ्या पोरीच म्हणाल्या, बाई, आता हे कागद तोंडपाठ झालेत आम्हाला. एक मतपत्रिका बाद आहे – कुणीतरी दोन्ही नावांच्या मधोमध फुली मारून खाली लिहिलंय, ‘दोघंही चांगली आहेत’. काय करायचं या लोकांचं? निर्णय घ्यायला बोलावलं तर इथंही सभ्यपणा करून गेले.

आजवर दर वेळी मी बिनविरोध आले, माहितीय? उभंच राहत नाही हो कुणी. कोण राहील? खड्डे, कुंपणं, कचऱ्याचे डबे – तपकिरी डबा मंगळवारी का हिरवा, एवढ्यावरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात आमच्याकडे. यंदाही बिनविरोधच व्हायची. मग एके दिवशी सकाळी सिरिल दारात. हातात फॉर्म. म्हणाला, बर्निस, मी निवडणुकीला उभा राहीन म्हणतो, दोन सह्या लागतात, एक दूधवाल्याची मिळालीय. म्हटलं, आणि दुसरी? तर टोपी काढून नुसता उभा. अहो, त्याच्या गल्लीत दोनच घरं, त्यातलं एक सुट्टीपुरतं उघडतं, जायचं कुठं त्यानं? दिली मी. चहा दिला, सही दिली. हसा, हसा. तुम्ही काय केलं असतं? दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं? तेही टोपी काढून उभ्या असलेल्या?

तो का उभा राहिला ते मला ठाऊक आहे. गावात कुणाला ठाऊक नाही, मला आहे. त्याची बायको ऑड्री गेली त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मला त्याची पत्रं यायला लागली. घरासमोरचा रस्त्याचा दिवा लुकलुकतो म्हणून. दर आठवड्याला एक – सोमवारी किती वेळा लुकलुकला, बुधवारी किती वेळा – आणि शेवटी हवापाण्याचं, वाटाण्यांना फुलं आली का वगैरे. मी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. हातानं लिहून. आणि मग काय अवदसा आठवली मला कोण जाणे, मी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन भांडले आणि तो दिवा दुरुस्त करून घेतला. नवीन बल्ब, नवीन खांब, सगळं. संपलं. पुढं लिहायला कारणच उरलं नाही बिचाऱ्याला. दोन महिने काही नाही, आणि मग हा फॉर्म.

बरं, उभा राहिलास तर राहिलास, नीट प्रचार तरी कर. ते नाही. पत्रकावर फोटो छापला तो कुत्र्याचा – स्वतःचा अर्धा खांदा फक्त. दारोदार जायचं म्हणून निघाला तर पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा आणि केक. तिथंच दोन तास बसून ऑड्रीच्या गुलाबांची गोष्ट सांगत राहिला. महिन्याभरात अकरा घरं झाली. मला झोप लागेना. म्हटलं, याला नऊ मतं पडणार. नऊ. आणि ती माइकवर वाचून दाखवणार, त्याच्यासमोर. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी ग्वेन्डाला म्हटलं – ग्वेन्डा माझी मैत्रीण, चर्चमध्ये फुलं मांडायची आमची पाळी बरोबर असते – म्हटलं, ग्वेन्डा, तुझं एक मत त्याला दे, मला काय फरक पडतो, पण कुणाला सांगू नकोस हं. मग मॉइराला म्हटलं. मग पोस्टातल्या बाईंना. सगळ्यांना वेगवेगळं गाठून, अगदी हळूच. सात जणांना. म्हणजे आठ मतं झाली.

आठवं कुणाचं म्हणजे? सातच म्हणाले मी. आठ म्हणाले? – जाऊ दे. – अहो, काय बघताय असे? – बरं, माझं. माझं आठवं. झालं समाधान? आमच्या आईनं शिकवलंय, ताटातला शेवटचा तुकडा आपण उचलायचा नाही. आणि स्वतःच्या नावापुढं स्वतःच फुली मारायची, ती पेन्सिल बिचारी दोरीला बांधलेली, पलीकडे टेबलाशी ओळखीची माणसं बसलेली – लाज नाही वाटत? मी नाही मारली कधी. म्हणजे प्रसंगच आला नव्हता, बिनविरोध ना. काल पहिल्यांदा आला आणि हात आपोआप वरच्या नावाकडे गेला. हॅडफील्ड वर, पेनफोल्ड खाली. आणि सिरिलनं काय केलं असेल? मला वाटलं होतं, तो मला देणार. हिशेब चुकता. मघाशी सँडविच देताना सहज विचारलं, तर म्हणतो कसा – मी मलाच दिलं की बर्निस, एकालाच द्या असं लिहिलं होतं ना कागदावर. असं, अगदी सरळ. कुत्र्याला हाक मारावी इतक्या सहज. मी ते सँडविच खाल्लं नाही.

पण आठच मतं ना? आठांनी काय होतंय, असं मलाही वाटत होतं. काल गावच्या हॉलबाहेर मी दिवसभर खुर्ची टाकून बसले होते, येईल तो माझा हात दाबून जात होता. काळजी करू नकोस बर्निस. तू तर येणारच आहेस बर्निस. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, म्हटलं काय माया आहे लोकांची. आज गठ्ठे लागायला लागले तेव्हा कळलं. प्रत्येकानं, अहो, अख्ख्या गावानं, हाच विचार केला होता. बर्निस तर येतेच आहे, त्या बापड्याला एखादं तरी मत पडू दे. माझे सात सोडा, कुणाला सांगायचीही गरज नव्हती. नवऱ्यानं बायकोला सांगितलं नाही, बायकोनं नवऱ्याला सांगितलं नाही, आणि दोघं एकाच खटाऱ्यातून येऊन सिरिलला मत देऊन गेली. एका मतपत्रिकेवर तर सिरिलपुढं फुली आणि माझ्या नावापाशी बारीक अक्षरात ‘माफ कर’. ग्वेन्डाचं अक्षर. वीस वर्षं फुलांच्या याद्या वाचतेय मी तिच्या, मला कळत नाही होय? अधिकारी म्हणाले, वैध आहे. असणारच. माफी मागून केलेलं सगळंच वैध असतं आमच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, सुटलात की कचऱ्याच्या डब्यांतून. हो. सगळे तेच म्हणतील. लेनर्ड, माझे यजमान, गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरातला फोन वाजतो तो फक्त यांच्या खड्ड्यांसाठी. फोन वाजला की मी आधी आरशात बघून केस सारखे करते – फोनवर कोण बघतंय? पण करते. कुणी शिव्या द्यायला का फोन करेना, मला बरं वाटतं. त्या सिरिलच्या पत्रांना मी उत्तरं देत होते ना, ती काय कर्तव्य म्हणून? दिवा दुरुस्त झाल्यावर उत्तर लिहायचा माझाही गुरुवार रिकामा झाला. भीती वाटतेय मला. तुम्ही परके म्हणून सांगतेय, भीती वाटतेय.

हं, ही बघा मिस ओकली आली – ऑफिसातली आहे, सगळं तिच्याच डोक्यानं चालतं. काय गं? – चिठ्ठी? हो, माहितीय, बरोबरी झाली की चिठ्ठीच. मग काढा की. मोजणीच्या साहेबांना काय झालं? – संकोच? अगं, नाताळात माझ्याकडे जेवले म्हणून काय, सिरिलकडूनही दोन वर्षं भोपळे नेतात ते. – तिऱ्हाईताचा हात हवा? कुणाचा? – यांचा? अगं, हे पोहायला आलेत. – नाही, इथले मतदार नाहीत हे, बहिणीकडे आलेत, नातं ना गोतं. – घ्या. ऐकलंत? दोन नावं, दोन चिठ्ठ्या, खोक्यात हात घालायचा, एक काढायची. पोहण्यापेक्षा सोपं आहे.

काय म्हणालात? मला काय हवंय? – असं विचारतं का हो कुणी माणसाला तोंडावर? – तुमच्या हातात काही नाही, मला कळतं, डोळे मिटूनच काढणार तुम्ही. – सिरिलची निघाली तर बरंच होईल. त्याला तेवढाच विरंगुळा. मला काय, बाग आहे, चर्चची फुलं आहेत, आणि – नाही. – मिस ओकली, तू हो पुढं, हे येतातच. – मला हवीय. ती जागा मला हवीय, मलाच. सिरिल गेला उडत. हे काल त्या आडोशात पेन्सिल हातात धरून म्हणायला हवं होतं, तिथं तर कुणी ऐकतही नव्हतं. – जा आता. टॉवेल राहू दे इथंच, मी बघते. मी नाही येत आत. जा म्हणते ना.