बॅटरी आणि आईचा फोन

...नाही नाही ताई, दाबू नका ते. झाकण उचललंय ते गोंद सुटला म्हणून नाही, आतली बॅटरी फुगलीय. दाबलीत, टोचलीत तर पेट घेईल. द्या इकडे. उशीखाली ठेवून चार्ज करता ना? — बघा, न सांगता ओळखलं. सगळ्यांचं तेच. ही लिथियमची बॅटरी, हिला उपाशी ठेवायचं नाही आणि नाकातोंडापर्यंत भरवायचंही नाही. वीसवर आली की लावायची, ऐंशीवर काढायची. तापू द्यायची नाही. फोन महिनाभर नुसता ठेवायचा असेल तर अर्धा भरून ठेवायचा. एवढंच. माणसं सांभाळण्यापेक्षा सोपं. बसा, वीस मिनिटं लागतील, आधी गोंद मऊ करतो.

तो? तो फोन गिऱ्हाइकाचा नाही, आमच्या आईचा. हो, तोही फुगला होता. हसा, हसा — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभर शिकवतो आणि घरात आईचा फोन आठ प्रहर भिंतीला लटकलेला. किती वेळा सांगितलं, 'आई, ऐंशीला काढ.' तर म्हणते, 'आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन आला तर?' अगं, ऐंशीवर काय फोन बंद पडतो? पण नाही. शंभर म्हणजे शंभर. नव्याण्णव दिसले तरी जीव खालीवर.

दादा म्हणजे थोरला भाऊ. बाहेर असतो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हाच गेला — 'वर्षभराचा प्रश्न आहे, तू आहेस ना.' मी आहेच. मी नेहमीच असतो. वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी पोचला, हातात बॅग आणि डोळ्यांत पाणी. आई म्हणाली, 'आता कशाला आलास, जा.' रागात म्हणाली हो, आईचा राग तो, चहा उतू जाईपर्यंतचा. पण हा शब्दाला धरून बसला, उठला आणि गेला. पुढे नोकरी बदलली, नंबर बदलला. तेव्हापासून आई वाट बघतेय. आपल्याकडे त्याचा नवा नंबर नाही, असं तिला वाटतं.

'वाटतं' म्हणालो का मी? — स्क्रू बारीक आहेत, बोलता बोलता हरवतात.

नाही, आला होता ना फोन. एकदा. आई आंघोळीला गेली होती, मी उचलला. म्हणाला, 'आई अजून रागावलीय का रे?' मी म्हटलं, 'हो.' एवढंच. एका अक्षराचं उत्तर. आणि मग तो नंबर ब्लॉक केला. दोन वर्षं बेडपॅन मी धुतलं, ताई, आणि वाट बघायची त्याची? म्हटलं, चार दिवस कळू दे त्याला. चार दिवसांनी काढणारच होतो. विसरलो. खरंच विसरलो — म्हणजे, आठवायचं टाळलं. विसरण्याचीच एक तऱ्हा ती.

काल नवी बॅटरी बसवून फोन चालू केला, सेटिंग बघत होतो, तर अडवलेल्या कॉल्सची यादी. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. दीड वर्ष, एक रविवार चुकला नाही. आणि आई त्याच खोलीत, चार्जरशेजारी खुर्ची टाकून. शेवटचा फोन आठ महिन्यांपूर्वीचा. मग थांबला तो. कोणीही थांबेल.

ब्लॉक काढला हो, लगेच काढला. पण आता तो करणार नाही, आणि आई बघत राहणार. फोन तेवढा ठणठणीत. कारागिरी आहे माझी.

मी फोन लावू त्याला? आणि काय सांगू, आईचा राग गेला म्हणून? तो कधी नव्हताच. मग विचारेल, तेव्हा 'हो' कोण म्हणालं. आणि आईलाही कळेल. एवढी वर्षं तिच्याजवळ मी आहे, ताई, ती मला रोज विचारते, 'जेवलास का?' उद्या विचारेल का?

नंबर शोधायला नको, पाठ आहे.

हं, झाला तुमचा. नवी बॅटरी आहे, जपा. जुनी इथेच ठेवा, कचऱ्यात टाकू नका. पैशांचं नंतर बघू. — नाही, बसू नका आता. तुम्ही समोर असलात तर मला बोलता येणार नाही. जाताना दार ओढून घ्या.