मंगळावरच्या विहिरीचं पुढं काय झालं

चांगुणा : न्हाई बाई, आधी तुमी हे पान बघा. असंच छापलंय ना? का मीच चुकीचं वाचती?

फिलोमिनाबाई : अगं, आत तरी ये. दारात उभी राहून कसली पानं दाखवतेस? कोण तू?

चांगुणा : मी चांगुणा. पारनेर तालुक्यातनं आले, सुप्याजवळनं. 'मंगळावरची विहीर' तुमीच लिवलं ना? पुस्तकात आत छापलंय, फिलोमिना बनसोडे, विज्ञान शिक्षिका, श्रीरामपूर. स्टँडवर टांगेवाल्याला विचारलं, त्यानं सरळ तुमच्या दारात आनून सोडलं.

फिलोमिनाबाई : मीच लिहिलं. आणि एवढ्या लांबून तू एकटी आलीस? बस आधी. हे पाणी घे.

चांगुणा : लई गार हाय. आनखी घेऊ?

फिलोमिनाबाई : विचारतेस काय? माठ तिथंच आहे. आता सांग, काय बिघडलंय?

चांगुणा : हे तुमचं दुसरं पुस्तक. 'मंगळावरचा महोत्सव'. पयलं पान वाचा. मोठ्यानं.

फिलोमिनाबाई : 'आणि एकाएकी विहिरीतून पाण्याचे उंच कारंजे उडाले. मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही.'

चांगुणा : असंच हाय ना?

फिलोमिनाबाई : असंच आहे.

चांगुणा : मग माझ्यासंगं चला आनि आमच्या राहीकाकीला सांगा. ती समद्यांदेखत म्हनली, पोरीची शाळा सुटली तशी हिला वाचायचंबी येईना झालं.

फिलोमिनाबाई : थांब, थांब. राहीकाकी कोण? आणि तुझी शाळा का सुटली?

चांगुणा : राहीकाकी म्हंजी माझी चुलती. आमच्याकडं यंदा काईच पिकलं न्हाई बाई, ठावं हाय ना तुमाला. पाझर तलावाचं दुष्काळी काम काढलंय सरकारनं. आई, काकी, निम्मं गाव तिथंच माती उचलतंय. मी नववीतनं नाव काढलं आनि तिकडंच जाते.

फिलोमिनाबाई : आणि पुस्तक तुझ्या हाती कसं आलं?

चांगुणा : शाळा सुटताना सहादेव गुरुजींनी मला तुमचं पयलं पुस्तक दिलं. दुपारच्या सुट्टीत वाचत बसले, तर काकी म्हनली, मनात काय वाचती, आमाला बी ऐकू दे. तवापासनं रोज वाचायचे. ती गंगू मंगळावर विहीर खांदती, आनि तो लोखंडी मानूस, ठोंब्या, खाली पाट्या भरून देतो. बाया ठोंब्यावर लई खूश. दगडाबाई तर म्हनली, असा एक मिळाला तर मी लेकीसाठी बघते.

फिलोमिनाबाई : ठोंब्याला स्थळ! हे मला सुचायला हवं होतं.

चांगुणा : आनि शेवटाला तुमी काय केलं? दोर तुटला, ठोंब्या विहिरीच्या तळाला ऱ्हायला, आनि पुस्तक संपलं! बाया माझ्याच अंगावर आल्या. फुडलं वाच म्हनं. नसल्यालं कुठनं वाचू?

फिलोमिनाबाई : मग दुसरा भाग मिळाला.

चांगुणा : गुरुजींनी नगरहून आनला. त्या दिशी समद्या बाया रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याची भाकर घाईघाईनं गिळून आधीच येऊन बसल्या. मुकादमसुदीक बसला. मी पान उघडलं, तर पयल्या ओळीलाच पानी! ठोंब्या तरंगत वर!

फिलोमिनाबाई : लोखंडी असून.

चांगुणा : तेच! मग त्याचा सत्कार. मग भाषनं. मग होड्यांची शर्यत. मग परत भाषनं. मुकादम तिथंच आडवा झाला. दुसऱ्या दिशी निम्म्या बाया आल्या. तिसऱ्या दिशी काकी उठली आनि म्हनली, पुस्तकात असं नसल. ही मधली पानं गाळती आनि मनाचं सांगती. बाई, मी एक अक्षर गाळलं न्हाई. तिथं वाचायला बसले की मी कुनीतरी हुते. आता पाटी डोक्यावर देताना बी हसत्यात.

फिलोमिनाबाई : तुला पुस्तक कसं वाटलं? खरं सांग.

चांगुणा : तुमाला राग येईल.

फिलोमिनाबाई : एवढी एसटीत हाडं खिळखिळी करून आलीस ती माझी स्तुती करायला नाही.

चांगुणा : लई टुकार हाय.

फिलोमिनाबाई : हं. इथं तर माझा हार घालून सत्कार झाला या पुस्तकासाठी. कुणी काही बोललं नाही.

चांगुणा : त्यांनी वाचलं नसल.

फिलोमिनाबाई : शक्य आहे. तुमचं काम रविवारी चालू असतं?

चांगुणा : व्हय. सुट्टी बाजाराच्या दिशी.

फिलोमिनाबाई : मग मी रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून गाडी पकडते. आता हात धू, जेव, आणि मला हे पुस्तक मधूनच कुठूनतरी वाचून दाखव. कसं वाचतेस ते मलाही ऐकू दे.

(रविवार. पाझर तलावाच्या कामावर दुपारची सुट्टी. बाभळीच्या सावलीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या आहेत.)

राहीबाई : ह्याच का गं त्या? मला वाटलं, एखादा दाढीवाला बुवा असल.

चांगुणा : काकी!

राहीबाई : मग? मंगळावर जाऊन आल्यावानी लिवलंय. या बाई, ह्या पोत्यावर बसा. फुफाटा लई हाय.

फिलोमिनाबाई : बसते. पण आधी सगळ्यांना एक सांगायचंय. चांगुणानं एकही पान गाळलेलं नाही. तिच्याकडून मी घरी वाचून घेतलं. माझ्या वर्गातल्या मुली असं वाचत नाहीत. जे ऐकून तुम्हाला झोप आली, ते सगळं मीच लिहिलंय.

राहीबाई : भाषनं बी?

फिलोमिनाबाई : भाषणंसुद्धा.

राहीबाई : आगं माय! चांगुने, उगंच बोलले गं तुला. ये, हितं माझ्यापाशी बस. पर काय वं बाई, पयलं तर एवढं ब्येस हुतं. मग असं का केलं?

फिलोमिनाबाई : लिहायला बसले तेव्हा पेपरात रोज तुमच्याकडच्या बातम्या यायच्या. आटलेल्या विहिरी, टँकरभोवतीची गर्दी. आणि आमच्या दारावरून कॅनॉल वाहतोय. मला वाटलं, यंदाच्या वर्षी पोरांना आणखी तहानेची गोष्ट कशाला सांगायची? म्हणून पहिल्याच पानावर पाणी देऊन टाकलं.

राहीबाई : कागदावर.

फिलोमिनाबाई : हो. कागदावर.

राहीबाई : मनानं चांगल्या हायेत तुमी. पर आमी गंगूसंगं त्या हिरीवर हुतो ना. ती दोर धरून हुती, आमी बी धरून हुतो. आनि तुमी आमाला तिथंच ठिवून जेवनावळी घातल्या.

फिलोमिनाबाई : चुकलंच.

राहीबाई : ऱ्हाऊ द्या ते पुस्तक. दोर तुटला तितनं सांगा.

फिलोमिनाबाई : आत्ता? तोंडी? मला असं सांगायची सवय नाही.

चांगुणा : सुट्टी संपायला येळ हाय अजून, बाई. सांगा ना.

फिलोमिनाबाई : बरं. दोर तुटला. गंगू काठावर पालथी पडली आणि तिनं खाली हाक मारली. उत्तर आलं नाही. हातात तुटका दोर होता, तळापर्यंत न पुरणारा.

राहीबाई : लुगडं सोडून त्या दोराला बांध म्हनावं.

फिलोमिनाबाई : तिच्या अंगावर लुगडं नाही, राहीबाई. हवेचा पोशाख आहे. तो काढला तर ती गुदमरेल.

राहीबाई : मग नगं सोडू. दुसरं काईतरी कर म्हनावं, पर लवकर.

चांगुणा : काकी, त्यांला सांगू दे की!

फिलोमिनाबाई : तिनं यानाच्या तारा उपसल्या. परतीच्या प्रवासाला लागणाऱ्या. त्या दोराला जोडल्या आणि ती उतरायला लागली. वरचं आभाळ थाळीएवढं झालं, मग वाटीएवढं. मग दिसेना. शेवटी पाय टेकले.

चांगुणा : आनि ठोंब्या?

फिलोमिनाबाई : कोपऱ्यात होता. त्याचा एक हात अजून हलत होता. तो खणतच होता.

राहीबाई : आनि पानी? लागलं का पानी?

फिलोमिनाबाई : खरं सांगू का, राहीबाई? मला अजून माहीत नाही.

राहीबाई : हितं खांदतोय त्याचं आमाला तरी कुठं म्हाईत हाय, बाई. तुमी सांगा.