नदीतून आलेला माणूस

दिनांक १८ जुलै २०१९, सकाळी ९.१५

मी, रादोवान शिमूनेक, वय ६० वर्षे, धंदा नोकरी (नदीवरील दरवाजांचा चालक), राहणार स्मीखोव, प्राग, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. शहराच्या मध्यभागी व्ल्तावा नदीवर बंधारा आहे. बोटींना तो ओलांडता यावा म्हणून बाजूला दगडी कोठी बांधली आहे. बोट आत आली की मागचा दरवाजा लावून पाणी भरायचे, बोट वर चढली की पुढचा उघडायचा. हे काम मी एकतीस वर्षे करत आहे.

काल संध्याकाळी ७.४० वाजता 'व्लाश्तोव्का' ही सहलीची बोट कोठीत आली. स्वच्छ ऊन होते. खालच्या मजल्यावर जेवणे चालली होती. प्रवासी भिंतीला हात लावतात आणि बोटे चेपून घेतात, म्हणून पाणी सोडल्यावर मी काठावर जाऊन उभा राहतो. वरच्या मजल्यावर एका वयस्क माणसाचा हात भिंतीवर होता. मी ओरडलो, "ओ, हात आत घ्या!"

तो वर बघून म्हणाला, "अजून तसाच खेकसतोस रे, रादेक."

आवाज आमच्या वडिलांचा होता. तो माझा थोरला भाऊ लुबोर, वय ६४, राहणार कॅनडा, हे मी ओळखले. तो १९८१ साली, कम्युनिस्ट राजवटीत, देश सोडून पळून गेला. त्यापायी मला तांत्रिक महाविद्यालयातून काढले. १९८६ साली आई वारली तेव्हा त्याला येता आले नाही. राजवट बदलल्यावर त्याची चार पत्रे आली. ती मी न फोडता परत पाठवली.

मी म्हणालो, "वाट चुकलास. बघण्यासारखे पूल मागे राहिले."

"तिकीट काढून आलोय. दारात आलो असतो तर उघडलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच नदीतून आलो."

पाणी चढत होते. तो माझ्या गुडघ्यांच्या पातळीला आला. म्हणाला, "आई कुठं आहे?"

"कोबिलिसीच्या दफनभूमीत, बाबांशेजारी. एक जागा शिल्लक आहे. ती माझी आहे, आधीच सांगून ठेवतो."

"घे बाबा, मला नको. शेवटी काही म्हणाली का?"

यावर मी जे सांगितले त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. ते लिहून घेऊ नये.

७.५२ ला बोट काठाला समपातळीत आली. प्रवाशाला कोठीत उतरू देण्यास मनाई आहे, हे मला माहीत आहे. तो कठडा ओलांडून काठावर आला. त्याला कोणी ओढले का, असे विचारल्यावरून सांगतो की ओढले नाही. पण हात आधी मी पुढे केला. मग मी केबिनमध्ये जाऊन दरवाजा उघडला आणि बोट गेली.

त्याची मुलगी नोरा खालच्या मजल्यावर जेवत होती. त्याने हे मला सांगितले नाही, मीही काही विचारले नाही. बोट थांबवून कळवायला हवे होते. सुचले नाही.

त्यानंतर आम्ही केबिनमागच्या बाकावर बसलो. माझ्याकडे ब्रेड आणि बरणीत सिरक्यातले सॉसेज होते. अशा सॉसेजला आमच्याकडे 'बुडालेला' म्हणतात. ८.३५ ला नदी पोलिसांचा फोन आला, "तुमच्याकडे कोणी बुडालेला आहे का?" सहकारी चेष्टा करतोय असे वाटून मी म्हणालो, "दोन खाल्ले, एक उरलाय." फोनवरच्या जवानाने नाव व हुद्दा सांगितला. एक प्रवासी कमी भरल्याने पाणबुडे नदीत उतरले होते, हे मला तेव्हा समजले. त्या उत्तराबद्दल मी जवानांची माफी मागितली आहे व पुन्हा मागतो.

८.५० ला पोलिसांच्या बोटीतून नोरा आली. तिने बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारले आणि मग त्याला सोडले नाही. तिला आमची भाषा येत नाही. नंतर माझ्याकडे बघून तिने काही विचारले. लुबोर सांगेना. मी म्हणालो, "सांग की."

"विचारतेय, पत्रं परत पाठवणारा तो हाच का?"

मी मान हलवली. तिने मला बराच वेळ न्याहाळले. मग पुन्हा काही म्हणाली. लुबोर म्हणाला, "म्हणतेय, ती सगळी तिच्याकडे आहेत. अजून बंदच आहेत."

मी पाठवायला सांगितले.

शोध थांबवण्यासाठी हवालदारांनी कागद पुढे केला. 'हरवलेला इसम सापडला' याखाली नातेवाइकाची सही लागते, असे ते म्हणाले. नोराने पेन घेतले, पण तिला मजकूर वाचता येईना. तिने पेन माझ्याकडे दिले.

सही मी केली.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, काही वाढवलेले नाही. वगळले ते माझ्या सांगण्यावरून.

(सही) रा. शिमूनेक