घागरीला एकच मत

—नाही हो भाऊ, डोळा नाही दुखत. मनातलं एक गुपित सलतंय. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, तुमचं नुसतं धुकं दिसतंय मला — नाना म्हणाला, आई, रिक्षात यांच्यापाशी बस, मी औषध घेऊन येतो. या कंपू भागातल्या दवाखान्याच्या गर्दीत मला कोण ओळखतंय, म्हणून सांगते. गोष्टच समजा. ग्वाल्हेरपासून दहा कोसांवर एक वस्ती, तिथं एक होती म्हातारी, तिला एक लेक, एक सून, आणि जमीन? जमीन दौलतसिंहाची, हे आपले बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, कसणारे. आमदार वारला, पोटनिवडणूक लागली, दौलतसिंहानं पुतण्याला उभं केलं — विक्रमसिंहाला — आणि दारोदार सांगून गेला, वस्तीतलं एक मत जरी तिकडे गेलं, तर बटाई बंद. कळायचं नाही कसं? वस्तीचं मशीन वेगळं, मतं एकशे बारा. मोजली — एकशे अकरा विक्रमसिंहाला, एक घागरीला. एकच! घागर म्हणजे विक्रमसिंहाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सीमंतिनीबाईंची निशाणी. आता कोण दाबणार घागर? सगळे म्हणाले, पांडुरंगराव — तोच तोंडाचा फटकळ, तोच दौलतसिंहाला रामराम घालत नाही. झालं, गेली त्याची जमीन. उभी मोहरी टाकून निघाला, इथं शहरात पडाव भागात रिक्षा चालवतो म्हणे. त्यानं नव्हती हो दाबली. म्हातारीनं दाबली. का? ती सीमंतिनीबाई मतं मागायला आली, चुलीपाशी येऊन बसली, म्हणाली, आजी, तुमचं नाव काय? पन्नास वर्षांत कुणी विचारलं होतं? जो तो नानाची आई म्हणतो — मी म्हटलं, शरयू, आणि अशी हरखले, की त्या दिवशी बोट आपसूक घागरीवर — मी नाही, म्हातारी हो, गोष्टीतली —

बोलून गेले ना? नानालासुद्धा ठाऊक नाही. कुणाला सांगू नका, भाऊ, पाया पडते तुमच्या, लेकाच्या तोंडचा घास जाईल — शपथ घ्या आधी. घ्या की! अं? काय म्हणालात — मामी?

मला मामी म्हणणारा अख्ख्या वस्तीत एकच होता. पांडुरंगा? तू? नानानं तुझी रिक्षा बोलावली, आणि मला बोलला नाही? — अरे, उठू नकोस, कुठं निघालास, दौलतसिंहाकडे? — नाही? मग? — काय? ते घागरीचं मत राहू दे तुझ्याच नावावर? अरे, घरदार सुटलं तुझं, आणि तू —

गप. नानाची चप्पल वाजली.